अधिक महिना कुणाच्या वाट्याचा

भक्तीचं नाव पेडगावच्या शाळेत लागलं. म्हणजे पोरगी निकिताकडे राहणार आणि मला दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, झालंच तर एखादा सणवार. थोडक्यात, मी हरलो. निकाल कळला.

आता हे तुम्ही वाचलं नाही आणि मी सांगितलं नाही. आमचे वकील बन्सीधरसाहेब एखादं वाक्य अंगाशी आलं की कोर्टात म्हणतात, "साहेब, एवढं रेकॉर्डवर घेऊ नये." जज्जसाहेब घेतातच, ते सोडा. तुम्ही तरी घेऊ नका. भक्तीचं नाव अजून कुठल्याच शाळेत नाही. वैशाख संपत आलाय, पिंगळीतल्या माझ्या दुकानात पंखा गरम हवा फेकतोय, आणि मला पक्कं वाटतंय की मी जिंकणार आहे.

मी जीवन. पिंगळी स्टेशनाच्या रस्त्याला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, हार्दिक अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, तिन्ही एकाच मापात. निकिता माझी बायको. अडीच वर्षं झाली, ती पेडगावला माहेरी असते. फारकत झालेली नाही, नुसतंच वेगळं राहणं. आमचं का पटलं नाही ते दोन्हीकडच्या वकिलांनी मिळून चाळीस पानांत लिहून ठेवलंय. मी ते सगळं वाचलं. मला त्यातला नवराही आवडला नाही आणि बायकोही.

भक्ती आमची एकुलती एक, सहा वर्षांची. तिच्या ताब्याचा राजीनामा लोकअदालतीत झाला. आमच्या भागात तडजोडीला राजीनामा म्हणतात, त्यासाठी नोकरी असावी लागत नाही. तिथल्या मॅडम म्हणाल्या, लेकराला दोघंही हवेत, तर एक महिना आईकडे आणि एक महिना बापाकडे. सोपं होतं. तेवढ्यात माझे सासरे दिनकरराव उठले. त्यांचं सख्ख्या भावाशी बांधावरून एवढं जुनं भांडण आहे की बांध कुठला हे आता दोघांनाही आठवत नाही. त्यामुळे वाटणीचा विषय निघाला की त्यांच्या अंगात तलाठी येतो.

"म्याडम, विंग्रजी महिना न्हाई चालणार," ते म्हणाले. "फेब्रुवारी आखूड हाय. फेब्रुवारी ज्याच्या वाट्याला आला, त्यो बुडाला."

आमचे दादा, म्हणजे माझे वडील माणिकराव, लग्नाच्या बोलणीपासून दिनकररावांच्या एकाही वाक्याला 'हो' म्हणाले नव्हते. ते पण उठले. "व्याही बराबर बोलायलेत," ते म्हणाले. "मराठी महिने धरा. सगळे सारखे. अवस झाली की पाडव्याला पोरगी न्यायची."

दोन व्याह्यांचं एकमत झालेलं बघून मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच कागद झाला. चैत्र माझा, वैशाख निकिताचा, ज्येष्ठ माझा, आणि पुढे असंच आळीपाळीनं. शेवटी एक कलम होतं: भक्ती पहिलीत जाईल तेव्हा शाळा उघडायच्या दिवशी ज्याची पाळी असेल, त्याच्या गावच्या शाळेत नाव घालायचं. मग पोरगी तिथंच, दुसऱ्याला फक्त सुट्ट्या. दादांनी बोटांवर महिने मोजले आणि टेबलाखालून माझ्या मांडीला चिमटा काढला. शाळा ज्येष्ठात उघडते. निकिताच्या वकिलानं हिशेब आषाढाचा केला होता, असं नंतर कळलं.

त्या खोलीत जेवढी माणसं होती, त्यांतल्या एकाच्याही घरात चतुर्थी चुकत नाही. एकादशीला कमलबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, घरच्या मांजराला सुद्धा दूध उशिरा देतात. पण दर तीन वर्षांनी मराठी वर्षात एक अख्खा महिना जास्तीचा निघतो, ही गोष्ट सह्या करताना कुणालाही आठवली नाही. दिनकरराव दोन दिवसांनी आखूड फेब्रुवारीला घाबरले आणि एक पूर्ण महिना मोकळा सोडून घरी आले.

दोन वर्षं हे ठीक चाललं. भक्तीला दोन घरं, दोन टूथब्रश, दोन आजोबा. "मी आज वैशाखात हाय," असं ती शेजारच्या पोरांना सांगायची आणि त्यांना ते एखादं गाव वाटायचं.

वैशाखाची अवस झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला आणायला मोटारसायकल काढली. परभणीच्या उड्डाणपुलावर फोन वाजला. बन्सीधरसाहेब. कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली होती, त्यामुळे साहेब महाबळेश्वरला होते.

"जीवन, कुठं हाईस?"

"पोरीला आणायला निघालोय साहेब."

"आणू नको."

मी गाडी बाजूला घेतली.

"कॅलेंडर बघितलंस का? आज अधिक ज्येष्ठ लागला. तुझा खरा ज्येष्ठ, म्हंजे निज ज्येष्ठ, पुढल्या महिन्यात. शाळा बी त्याच्यातच उघडायची. राजीनाम्यात 'आळीपाळीनं' लिहिलंय. तू ह्यो महिना घेतला की पुढचा तिचा. पोरगी गेली हातची."

"मग काय करू?"

"हात लावू नको. तिच्याकडं ऱ्हाऊ दे. अधिक तिच्या खात्यात पडला की पुढचा तुझा."

मागून कुणीतरी ओरडलं, "बन्सी, कणसावर लिंबू पिळू का?" तो आवाज मी ओळखला. तो निकिताचा वकील होता. दोघं एकाच गाडीतून फिरायला गेले होते. गाडी चालवायची आळीपाळीनं.

पेडगावला पोचलो तेव्हा भक्ती उंबऱ्यापाशी बॅग घेऊन तयार होती. नवा फ्रॉक, तेल लावून चापून घातलेली वेणी. मागे निकिता उभी. तिच्या हातात फोन होता आणि तोंडावर आत्ताच महाबळेश्वरशी बोललेल्या माणसाची थंड हवा होती.

"घिऊन जा," ती म्हणाली.

दोन वर्षांत हे दोन शब्द मला तिच्याकडून पहिल्यांदा, आणि तेही फुकटात मिळत होते.

"ऱ्हाऊ दे की," मी म्हणालो. "तुझ्याकडं बरी ऱ्हाती."

"न्हाई न्हाई. तुमचा ज्येष्ठ हाय."

"माझा निज हाय. ह्यो अधिक हाय. आन् एवढ्या उन्हाचं आईपासनं लांब कशाला न्यायचं लेकराला?"

"कवापासून आली एवढी समज?"

"आज सकाळी. परभणीच्या पुलावर."

मी भक्तीच्या गालाला हात लावणार होतो, पण तो घेतल्यासारखा दिसला असता. हात तसाच वळवून मी मिशीवरून फिरवला. मला मिशी नाही. मग मी गाडीला किक मारली. तेवढ्यात निकितानं भक्तीला उचललं आणि टाकीवर बसवलं. मी खाली उतरलो. तिनं भक्तीला खाली घेतलं. मी बसलो. तिनं बसवलं. असं बराच वेळ चाललं. भक्तीला वाटलं खेळ आहे, ती खिदळायला लागली. समोरच्या ओट्यावर बघायला माणसं जमली, त्यांतल्या एकानं विचारलं, "गाडी चालू हुईना का?"

दिनकरराव बाहेर आले, मामला समजून घेतला आणि गाडीची चावी काढून बंडीच्या खिशात टाकली. "ऊन लय हाय जावईबापू. चावी तापती."

मागून कमलबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "अधिकाचा महिना हाय. जावई दारातून परत जातो का? धोंडे खाल्ल्याबिगर सोडणार न्हाई मी."

हे धोंडे म्हणजे पुरण भरून उकडलेले गोळे. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पाटावर शेजारी बसवून धोंड्यांचं जेवण घालायचं, वाण द्यायचं, हा आमच्याकडचा रिवाज. तीन वर्षांतून एकदाच संधी येते, त्यामुळे सासवा ती सोडत नाहीत.

"मामी, आमचं भांडण चालू हाय," मी म्हणालो.

"चालू द्या की. जेवून भांडा."

"राजीनामा झालाय मामी."

"त्यो पोरीचा झालाय. जावयाचा न्हाई. फारकत झाली का? न्हाई ना? मग पाय धुवा."

"आजच घाला मग धोंडे. खाऊन जातो."

"आज कसं? एकादशी हुंद्या, तुमचा कपडा आणायचा हाय, निकिताची साडी हाय. बसा निवांत."

मी बन्सीधरसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "ऱ्हा. पण जावई म्हणून ऱ्हा, बाप म्हणून ऱ्हाऊ नको." आणि मी पेडगावात अडकलो.

अडकलो म्हणजे कसा, ते सांगतो. भक्तीला घेऊन निघालो तर शाळा गेली. भक्तीला सोडून निघालो तर हे लोक सोडत नव्हते, कारण मग महिना निकिताच्या खात्यात पडला असता. निकिताचंही तेच. ती घराबाहेर गेली असती तर भक्ती माझ्यापाशी उरली असती, म्हणजे मी जिथं बसलोय तिथंच मला ताबा दिल्यासारखं झालं असतं, असं बन्सीधरसाहेब घाबरून सांगत होते. आणि निकिताचा वकील तिला सांगत होता की तू गेलीस तर तू घर सोडून पळालीस असं लिहितील. त्यामुळे तीही जाईना. दोन्ही वकिलांचा सल्ला एकाच बाल्कनीतून येत होता, तो शब्दाला शब्द सारखा होता: हलू नका.

मला ओसरीवर बाज दिली. निकिता मधल्या खोलीत. भक्तीची बॅग उंबऱ्यावर होती तिथंच राहिली, कारण ती आत नेली तर निकितानं ठेवून घेतलं असं झालं असतं, आणि बाहेर आणली तर मी नेलं असं. सगळे तिच्यावरून टांग टाकून जायचे. कमलबाई रोज सकाळी उंबरा पुजतात. दोन-तीन दिवस त्यांनी बॅगेच्या कडेकडेनं हळदकुंकू वाहिलं, नंतर कंटाळून बॅगेवरच वाहायला लागल्या.

पोरीचं सगळं आजी-आजोबांनी करायचं असं ठरलं, कारण त्यांची नावं राजीनाम्यात पक्षकार म्हणून नव्हती. कमलबाई जेवू घालायच्या. वेणी दिनकररावांकडे आली. त्यांना अंबाडीचा दोर वळता येतो. भक्ती म्हशीच्या दाव्यासारखे केस घेऊन गावभर फिरली, आणि सांगायला हरकत नाही, वेणी आठवडाभर सुटली नाही.

मी दाढी करायला निघालो तर दिनकरराव माझ्यासोबत न्हाव्याकडे यायचे. "एकटं कशाला जाता," म्हणायचे, आणि कोपऱ्यात बसून माझी दाढी संपेपर्यंत राजकारण बोलायचे. निकिता परसाकडच्या बाजूला कपडे वाळत घालायला गेली की मी ओसरीवरून ओरडायचो, "मामी, ही गेली बरं का! पोरगी हितंच हाय, पण मी घेतलेली न्हाई!"

"कपडे वाळू घालायलेय मी!" निकिता पलीकडून ओरडायची. "रेकॉर्डवर घ्या!"

तिकडे पिंगळीत दुकान बंद. दादांचा रोज फोन. "दोन वाढदिवस आन् एक श्रद्धांजली परत गेली," ते सांगायचे. "कधी येतोस?"

"दादा, मला येता यीना."

"कोंडलंय का?"

"न्हाई, पाहुणचार चालू हाय."

"म्हंजे कोंडलंय."

धोंड्यांचा दिवस उजाडला. दोन पाट मांडले, भोवती रांगोळी. निकितानं आपला पाट तिरपा केला. कमलबाईंनी तो सरळ केला. निकितानं परत तिरपा केला. शेवटी मीच माझा तिरपा केला, म्हणजे दोघं निदान समांतर झालो. मला पॅन्टशर्टाचं कापड मिळालं, तिला साडी. कमलबाईंनी आम्हा दोघांना ओवाळलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "लक्ष्मीनारायणाचा जोडा दिसतो."

"आई, कोर्टात दिसतो," निकिता म्हणाली.

भक्ती समोर बसून दोघांच्या ताटांकडे बघत होती. पूर्वी ती माझ्या ताटात जेवायची. मी एक धोंडा फोडला, तूप घातलं, आणि हात तिच्याकडे जाता जाता पाण्याच्या पेल्याकडे वळवला. तिच्या ते लक्षात आलं. निकितानंही घास वळवला होता, तेही तिच्या लक्षात आलं. ती उठली आणि आजीच्या पाठीमागे जाऊन बसली.

"पोरगी सुकत चाललीय," निकिता हळू आवाजात म्हणाली. ताटाकडेच बघून.

"दिसतंय मला."

"मग न्या की."

"तू ठिव की."

"मला शाळा पाहिजे तिची. हितं माझी मी डबा करून देईन, अभ्यास घेईन. तुमी दिवसभर मशीनवर. तिच्याकडं बघणार कोण?"

"दादा बघतेत."

"दादा! दादांना चष्मा लावून बी एस्टीची पाटी दिसंना."

"हे चाळीस पानात आलेलं हाय, निकिता. नवीन सांग."

"नवीन एवढंच हाय की मी सोडणार न्हाई."

"मग मी बी न्हाई."

आम्ही दोघं एकाच वेळी पाणी प्यालो. कमलबाईंना बरं वाटलं, लेक-जावई बोलायला लागले म्हणून.

त्यानंतर भक्तीनं खेळायचं बंद केलं. एकदा ती बाजेपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, मी कुणाच्या महिन्यात हाय?"

"अधिकात."

"ते कुणाचं गाव हाय?"

मला उत्तर येत होतं, पण वकिलांना विचारल्याशिवाय देता येत नव्हतं. मी तिला म्हणालो, आजीला विचार. आजी म्हणाली, आईला विचार. आई म्हणाली, पप्पांना विचार. ती परत माझ्यापर्यंत आलीच नाही. मधेच कुठंतरी थांबली.

दिनकररावांनी रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. पेरणीआधी मोकळ्या रानात मेंढरांचा तळ पडला की जमिनीला लेंडीखत मिळतं आणि धनगराला थोडं धान्य. भिवराबाई आणि तिचा नवरा येडबा यांचा तळ गावाच्या कडेलाच होता. त्या दिवशी संध्याकाळी कमलबाईंनी भक्तीला दूध प्यायला हाक मारली. आवाज आला नाही. मला वाटलं आत असेल, निकिताला वाटलं ओसरीवर असेल. खरं सांगायचं तर दुपारपासून दोघांनीही ती कुठं आहे हे बघायचं टाळलं होतं. बघणं म्हणजे सांभाळणं, आणि सांभाळणं म्हणजे महिना.

उंबऱ्यावरची बॅग नव्हती.

निकिता चपला न घालताच धावली. मी तिच्या मागं, दिनकरराव माझ्या मागं, आणि त्यांच्या मागं दुधाचा पेला घेऊन कमलबाई. गल्लीत कुणीतरी म्हणालं, पोरगी बॅग घेऊन मेंढराकडं जाताना दिसली.

ती तळावर होती. बॅगेवर बसलेली, मांडीवर एक कोकरू, बॅगेला हळदकुंकू. येडबा मेंढरं जाळीच्या कुंपणात घालत होता आणि तोंडानं मोजत होता. भिवराबाई कंबरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होती.

"ही कुणाची हाय?" ती म्हणाली. "दुपारपासनं बसलीय. मेंढरात ऱ्हाते म्हणायलीय. कोकरू माईजवळ जाऊ दीना."

मी निकिताकडे बघितलं. निकितानं माझ्याकडे. उत्तर अगदी लहान होतं, पण ते ज्यानं दिलं त्याचा महिना लागला असता. तिथं अर्धं गाव जमलं होतं, म्हणजे साक्षीदारही तयार. एवढ्या मोठ्या रानात फक्त येडबाचं मोजणं ऐकू येत होतं.

"का बाळे, घरी का न्हाई जात?" कमलबाईंनी विचारलं.

"हितं संध्याकाळी मोजतेत, आजी," भक्ती म्हणाली. रडत नव्हती. माहिती देत होती. "एक कमी आलं तर बत्ती घिऊन बघायला जातेत."

"आरं कुणाची हाय म्हनलं पोरगी!" भिवराबाई ओरडली. "मुके हाव का समदे?"

"माझी," मी म्हणालो.

आणि माझा शब्द संपायच्या आत निकिता म्हणाली, "माझी."

पण मी आधी म्हणालो होतो. अर्ध्या गावानं ऐकलं. मी भक्तीला उचललं. इतक्या दिवसांनी उचलल्यावर ती मला जड लागली. तिनं दोराची वेणी माझ्या गळ्याभोवती टाकली आणि खांद्यावर नाक पुसलं. कोकरू सुटून आईकडे पळालं.

"मी म्हणणारच होते," निकिता म्हणाली. तिच्या पायाला काटे लागले होते, ती एका पायावर उभी होती.

"ऐकू आलं मला."

"मी आदी म्हणले असते तर..."

"तर तू हरली असतीस."

पहिल्यांदाच कुठल्यातरी बाबतीत मी तिच्या आधी पोचलो होतो. ती भक्तीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "शाळा मी सोडणार न्हाई. आत्ताच सांगते. नंतर म्हणू नका."

"न्हाई म्हणत."

"तुमाला वाटंल, एवढं झालं तर ही म्हणंल, राहू दे, जा."

"क्षणभर वाटलं होतं."

"मला बी पाहिजे ती."

"म्हाईत हाय."

तिची चूक नव्हती. तिच्या जागी मी असतो तर मीही सोडलं नसतं, एवढंच काय, लगेच फ्लेक्स छापून लावला असता. दिनकररावांनी खिशातून चावी काढून माझ्या हातात दिली. ती खरंच तापलेली होती. कमलबाईंनी तिथंच, मेंढरात उभ्या राहून, भक्तीला दूध पाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. निकितानं वेणी सोडायला घेतली, तेलाची वाटी संपली तरी दिनकररावांची गाठ सुटेना, शेवटी कात्री लागली. भक्ती टाकीवर बसली. या वेळी कुणी उतरवलं नाही. पुलावर पोचलो तेव्हा फोन.

"काय करून बसलास हे?" बन्सीधरसाहेब म्हणाले. "मला आत्ताच समजलं."

"कुणाकडून?"

"समोर बसलाय त्यो. हसायलाय. जीवन, साक्षीदारांसमोर कबूल केलंस?"

"साहेब, मेंढरं मोजत होते."

"काय?"

"काही न्हाई साहेब. तुमचा घाट बघा."

आता भक्ती पिंगळीत आहे. दुपारी दुकानात उरलेल्या फ्लेक्सच्या तुकड्यावर झोपते. खाली कुणातरी भावी सरपंचाचं अर्धं तोंड असतं, तिच्या गालाखाली त्याची मिशी. ती खूश आहे. दादा तिला बाराखडी शिकवतात आणि 'क्ष' आला की चष्मा पुसत बसतात. ती माझ्या ताटात जेवते. निकिताचा रोज संध्याकाळी फोन येतो, मी तो भक्तीच्या कानाला लावतो, आणि भक्ती तिला सांगते की आमच्याकडे पण मोजतात. मी खरंच मोजतो. दुकान बंद करताना मोठ्यानं म्हणतो, "एक." ती म्हणते, "बराबर."

भिंतीवरचं कॅलेंडर मी काढून ठेवलं. त्याचा उपयोग झाला नाही, कारण चंद्र काढता येत नाही. रोज पहाटे तो थोडा कमी होऊन येतो, कायदा पाळणाऱ्या माणसासारखा, वेळेवर. अवस जवळ आलीय. पाडव्याला निज ज्येष्ठ, निज ज्येष्ठाला शाळा, आणि शाळेला निकिता दोन वेण्या घालून, डबा भरून, दारात उभी. काल भक्तीनं विचारलं, "पप्पा, अधिक संपल्यावर परत अधिकच येतो का?" मी म्हणालो, येतो. मग ती म्हणाली, "कधी?" मी मशीन चालू केलं, मशीनचा आवाज मोठा आहे.

कोर्ट आता उघडलंय. बन्सीधरसाहेबांना विचारलं, ते म्हणाले असा अर्ज कुणी केलेला नाही आणि मी माझ्या सहीनं देणार नाही, लोक मला वकिलांच्या बाररूममध्ये बसू देणार नाहीत. म्हणून मी स्वतःच केला. माझ्या मशीनवर लहान कागद निघत नाही, त्यामुळे अर्ज दहा बाय पाचच्या फ्लेक्सवर आहे. चारी कोपऱ्यांना भोकं पाडून दिली आहेत, न्यायालयास वाटल्यास टांगता येईल. मजकूर खालीलप्रमाणे:

*मेहेरबान न्यायालयाचे सेवेशी,*

*अर्जदार: जीवन माणिकराव, धंदा फ्लेक्स, राहणार पिंगळी, तालुका जिल्हा परभणी.*

*विषय: निज ज्येष्ठ महिना सुरू होण्यास मनाई मिळणेबाबत.*

*महोदय, वरील विषयी सविनय अर्ज करतो की, चालू अधिक महिना अर्जदाराच्या घरी सुरळीत चालू असून त्याविषयी अल्पवयीन मुलीची कसलीही तक्रार नाही. अर्जदारास जाबदेणारीविरुद्ध काही म्हणायचे नाही. तिलाही मुलगी हवी आहे व ते योग्यच आहे. अर्जदाराची हरकत फक्त पुढील महिन्यास आहे. सदर महिना सुरू झाल्यास अर्जदाराचे पैशात न मोजता येणारे नुकसान होईल. तरी मेहेरबान न्यायालयाने संबंधितांना योग्य ती समज देऊन, पुढील आदेश होईपर्यंत चंद्राची स्थिती जैसे थे ठेवावी व अवस लागू देऊ नये, ही नम्र विनंती.*